रिकामी टाकी

मामाची हेरल्ड माझ्या नावावर झाली तेव्हा तिला पेट्रोलची टाकीच नव्हती. सीटच्या मागे लाकडी फळीवर वीस लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन होता. सायकलच्या ट्यूबनं तो आवळून बांधलेला, आणि झाकणाला पाडलेल्या भोकातून पिवळी पडलेली एक नळी खाली गेलेली. लहानपणी सुट्टीत आम्ही कोल्हापूरला आलो की मामा सगळ्या भाचरांना रंकाळ्यापर्यंत फिरवून आणायचा. मी नेमकी त्या कॅनला टेकून बसायचे. पेट्रोलचा वास मला आवडायचा. आज तो कॅन बघताना पोटात गोळा येतो.

गाडी १९६७ची, दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डची ही भारतातली बहीण. १९६१पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ती बनवत असे. रूप मात्र इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तींच्या हातचं. फियाट किंवा अँबॅसिडरची बॉडी हाच गाडीचा सांगाडा असतो. हेरल्डला खाली वेगळी चेसी आहे आणि वरचे भाग नटबोल्टांनी बसवलेले आहेत. छतसुद्धा. त्यामुळे गाडी कापणाऱ्यांचा या गाडीवर फार जीव. मामानंही ऐंशीच्या दशकात उद्यमनगरातल्या एका मित्राला हाताशी धरून छत काढलं, मागची सीट काढली, डिकी उतरती करून घेतली आणि दोघांपुरती उघडी गाडी बनवली. तो बदल त्यानं आरसी बुकात रीतसर चढवूनही घेतला होता. फक्त एक गोष्ट राहिली. हेरल्डची मूळ टाकी डिकीत डाव्या अंगाला उभी असते. डिकी बुटकी झाली, टाकी उंच राहिली. ती काढून माळ्यावर गेली आणि तिच्या जागी ‘सध्यापुरता’ कॅन आला. तो पस्तीस वर्षं राहिला.

मी शाळेत मराठी शिकवते. पाना हातात धरायची वेळ कधी आली नव्हती. मला वाटलं, टाकी उंच आहे तर मधून चार बोटं कापायची आणि पुन्हा जोडायची. पँट उंचीला आखूड करून आणतात तसं. माळ्यावरून टाकी काढली, गोणपाटात गुंडाळली आणि वाटेवरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात नेली. तिथल्या मुलानं ती हलवून बघितली. आत गंजाचे पापुद्रे खडखडले. “रिकामीच हाय की,” म्हणत त्यानं ग्राइंडर उचलला.

समोरच्या पत्र्याच्या दुकानातून एक म्हातारे गृहस्थ ओरडतच आले. त्यांनी आधी ग्राइंडरची पिन काढली, मग टाकीचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, “ताई, हुंगा.”

मी हुंगलं. जुन्या वॉर्निशसारखा, आंबूस वास होता.

“काय हाय आत?”

“काही नाही. कित्येक वर्षं कोरडी आहे.”

“वास येतोय न्हवं? मग हाय.”

त्या दिवसापासून ते माझे चाचा झाले. उद्यमनगर, शाहूपुरी असा चाळीसेक वर्षं पत्रा ठोकत आलेला माणूस. त्यांनी सांगितलेलं पहिलं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे: भरलेली टाकी जळते, रिकामी फुटते.

हे मला त्या वेळी कळलंच नव्हतं. रिकामं म्हणजे निर्धोक, एवढंच मी धरून चालले होते. घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा हात थांबला. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तर. साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत. टाकी भरलेली असेल तर पेट्रोलवरच्या थोड्याशा जागेत वाफ फार दाट असते, हवा कमी पडते. रिकाम्या टाकीत मात्र हवा भरपूर. तीस लिटरच्या टाकीत दीड टक्का म्हणजे अर्धा लिटरही वाफ नाही, आणि तेवढी वाफ व्हायला द्रव पेट्रोल लागतं चहाच्या चमच्यानं अर्धा चमचा. शिवणीच्या घडीत, गंजाच्या पापुद्र्याखाली, वाळून चिकट झालेल्या थरात तेवढं सहज दडून राहतं. थंड असताना नुसता वास देतं. ग्राइंडरची ठिणगी किंवा वेल्डिंगची आच लागली की बाहेर येतं. आणि ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, त्यामुळे झाकण उघडं ठेवून टाकी उन्हात वाळवली तरी ती तळाशी बसून राहते.

ग्राइंडर हातात घेतलेला तो मुलगा विशीचा होता. त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोरून तो हललाच नाही.

पुढचे तीन दिवस टाकी नुसती धुतली गेली. आधी खालचा ड्रेन नट सोडवला. तोच सुटता सुटेना. रात्रभर डिझेलमध्ये भिजवून मग सुटला. मग कढत पाण्यात धुण्याचा सोडा कालवून भरायचं, हलवायचं, ओतायचं. पाणी आधी चहासारखं, मग ताकासारखं येत गेलं. त्यानंतर शेजारच्या कपडे रंगवणाऱ्याच्या बॉयलरवरून रबरी नळी ओढून दोन तास वाफ सोडली. कापायच्या वेळी चाचांनी टाकी कापायच्या रेषेपर्यंत पाण्यानं भरली, म्हणजे आत हवेला जागा कमी उरली. आणि कापली ती आरीच्या पानानं, हातानं. “ठिणगी नको आन् घाई नको,” एवढंच बोलले.

टाकी उघडली आणि माझा बेत तिथेच संपला. तळाचा पत्रा उजेडाकडे धरला तर चाळणीसारखा दिसत होता. पेट्रोलबरोबर येणारं पाणी जड, ते तळाशी बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच खात राहतं. ही टाकी आखूड करून काही हाती लागणार नव्हतं. वाचवण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: पेट्रोल भरायचं नरसाळ्यासारखं तोंड आणि गेजचा फ्लोट बसतो ती भोकांची कडी. चाचांनी ते दोन तुकडे पांढरे होईस्तोवर घासले आणि माझ्या हातात दिले. “ह्याच्याभोवती टाकी बनवायची. माप तुम्ही आणायचं.”

माप आणायचं म्हणजे काय, हेही मला शिकावं लागलं. मी टेप घेऊन डिकीत शिरले, आकडे लिहून आणले. चाचांनी कागद बाजूला ठेवला. “आकडा न्हाई. पुठ्ठा आणा.” फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, चिकटपट्टीनं जोडून मी टाकी बनवली आणि गाडीत बसवून बघितली. बसली नाही. हेरल्डच्या मागच्या चाकांचा पाटा आडवा, डिफरन्शियलच्या डोक्यावर बसवलेला असतो. त्याच्यासाठी बॉडीत कुबडासारखा उंचवटा आहे. टेपला तो दिसला होता, मला दिसला नव्हता. दुसरी पुठ्ठ्याची टाकी बसली, पण मग तिच्या तोंडाला नळी जोडायला हात जाईना. चौथी बरोबर आली.

जागा कुठली, यावर आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींशी बरीच चर्चा झाली. त्यांचं म्हणणं, टाकी डिकीच्या अगदी शेवटी ठेवावी, भरायला सोपी. मी तोवर वाचत सुटले होते. अमेरिकेत फोर्ड पिंटो नावाच्या छोट्या गाडीची टाकी मागचा अ‍ॅक्सल आणि बंपर यांच्यामध्ये होती. मागून धडक बसली की टाकी पुढे दाबली जाऊन फाटायची. माणसं जळाली, खटले झाले, आणि १९७८ साली कंपनीला सुमारे पंधरा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मी मिस्त्रींना हे सांगितलं. त्यांनी काही वेळ विचार केला आणि म्हणाले, “मग सीटच्या पाठीमागं, चाकाच्या वर घेऊ. मधे पत्र्याची भिंत मारू.” माझं म्हणणं त्यांनी एवढं मनावर घेतलं याचं मला फार बरं वाटलं. गाडीत बसणारा माणूस आणि पेट्रोल यांच्यामध्ये निदान एक पत्रा असला पाहिजे. मामाच्या गाडीत तो नव्हता.

शेवटचं माप ठरलं: लांबी ६२ सेंटिमीटर, रुंदी २६, उंची १८. गुणाकार केला तर २९ लिटर. कुबडासाठी खाली सोडलेली खाच वजा करून साडेसव्वीस. त्यातही काठोकाठ भरायचं नाही. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं गार पेट्रोल आपल्या गाडीत उन्हानं वीस अंशांनी तापलं, तर पंचवीस लिटरचं जवळजवळ अर्धा लिटर जास्त होतं. त्या अर्ध्या लिटरला जागा ठेवावी लागते. म्हणून तोंडाची नळी आत थोडी खाली उतरवली; पेट्रोल तिच्या टोकापर्यंत आलं की पंपाचा नोझल आपोआप थांबतो आणि वर हवेचा एक थर उरतो.

पत्रा अठरा गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरला किंचित कमी. घडी घालून, कोपरे ठोकून चाचांनी खोकं उभं केलं. आत मध्यावर एक आडवा पडदा होता, त्याला रुपयाएवढी भोकं आणि खालचे दोन्ही कोपरे कापलेले. मी विचारलं, हा कशाला? त्यांनी शेजारची पाण्याची परात उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, चाला. चार पावलांत पाणी हिंदकळून माझ्या साडीवर. पंचवीस लिटर पेट्रोल म्हणजे साडेअठरा किलो वजन. ते वळणावर एका बाजूला धावलं तर पट्टे सैल होतात, पत्र्याला तडे जातात आणि ओढायची नळी उघडी पडून इंजिनाला मध्येच हवा जाते. पडदा त्याला अडवत नाही, फक्त सावकाश जायला लावतो. वेल्डिंग आर्गनचं झालं, दुसऱ्या एका कारागिराकडे. मी तिथे उभी होते, पण काचेतून मला हिरव्या ठिपक्याशिवाय काही दिसलं नाही.

मग हवेची परीक्षा.

मी टायरमध्ये हवा भरायचा पंप आणला होता. चाचांनी डोक्याला हात लावला. टायरमध्ये तीस पाउंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या वर हवा असते. आमच्या टाकीची वरची बाजू १६१२ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केल्यावर आकडा आला तीन टनांच्या वर. तेवढ्या जोरानं तो सपाट पत्रा फुगून चेंडू झाला असता, सांधे उकलले असते. टाकीला पुरतो त्याचा दहावा भाग. पण एवढ्या थोड्या हवेचं गेज आणायचं कुठून? मला एकदम आईचं बीपीचं मशीन आठवलं. हाताला गुंडाळायचा पट्टा काढला, फुगा आणि डायल टाकीच्या नळीला जोडली. डायलवरचे दीडशे म्हणजे जवळजवळ तेवढेच, दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोला थोडं कमी. साठ-सत्तर वेळा फुगा दाबला. काटा दीडशेवर आला. चाचा ब्रशनं सांध्यांवर साबणाचं पाणी लावत होते, मी काट्याकडे बघत होते.

काटा वर गेला. दीडशेचे एकशे साठ झाले, मी फुगा सोडून दिलेला असताना. मला काही सुचेना. चाचांनी टाकी उचलली आणि सावलीत ठेवली. पत्रा उन्हानं तापला होता आणि आतली हवा फुगली होती. सावलीत पाच मिनिटांत काटा खाली आला, पण तो दीडशेवर थांबला नाही. एकशे चाळीस. एकशे तीस. आम्ही दोघं टाकीवर ओणवे झालो. सगळे सांधे कोरडे दिसत होते. मग मला दिसला: तोंडाच्या नळीच्या मागे, अगदी कोपऱ्यात, मोहरीएवढा बुडबुडा. तो हळूहळू वाटाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. चाचांनी खडूनं गोल केला. माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, डोळं चांगलं हायती.” माझ्या वाट्याला आलेल्या शाबासक्यांत ही मी फार वर ठेवते.

तो सांधा पुन्हा भरून आणला. दुसऱ्या खेपेला काटा दीडशेवर पंधरा मिनिटं बसून राहिला.

टाकी गाडीत बसवायचं काम मिस्त्रींनी केलं. टाकी कुठेही बॉडीला वेल्ड करायची नसते. दोन पोलादी पट्टे आणि खाली रबराच्या पट्ट्या. नमदा घातला तर तो पाणी धरून ठेवतो आणि पत्रा खालून खातो. ओढायची नळी तळापासून बोटभर वर, म्हणजे पाणी आणि गाळ खाली राहील. रबरी नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल चालेल अशा प्रतीच्या. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि वर्षानुवर्षं साचलेला चिकटा सोडवून पुढे कार्ब्युरेटरकडे पाठवतं. कोल्हापूरच्या माणसाला हे इथेनॉल परकं नाही, ते आमच्याच उसातून निघतं. मामाची गाडी आता थोडीशी उसावर चालणार, हा विचार मला मनापासून आवडला. इंजिनावरच्या पंपाचा पडदाही त्यासाठी बदलून घेतला.

गेजचं गणित मात्र मला दोन दिवस छळत होतं. फ्लोटची काडी जुन्या उंच टाकीच्या मापाची. आता उंची अठरा सेंटिमीटर, त्यामुळे टाकी पूर्ण भरली तरी काटा निम्म्यावर. मिस्त्रींनी काडी आखूड करून वाकवली. काडी आखूड झाली की तेवढ्याच चढउताराला तिचा कोन जास्त फिरतो, हे मला कागदावर काढल्यावर पटलं. तरीही काटा मधले भाग खरे दाखवेना. म्हणून एक बांबूची काठी तासून घेतली. मापानं एकेक लिटर ओतायचं, काठी बुडवायची, ओल जिथे लागेल तिथे चाकूनं खाच. पंचवीस खाचा. तळाकडच्या खाचा दूर दूर, कुबडाच्या वर गेल्यावर जवळ जवळ, कारण तिथे टाकी रुंदावते.

आणि मग गाडी सुरू झाली. पन्हाळ्याकडे निघालो, मिस्त्री शेजारी. वडणग्याच्या फाट्यापर्यंत उत्तम. केर्लीच्या पुढे इंजिन धापा टाकू लागलं, दोनदा आचका दिला आणि बंद पडलं. पेट्रोल भरपूर होतं. मिस्त्रींनी पंपाची हातकळ मारून बघितली, पेट्रोल येईना. दहा मिनिटं थांबून पुन्हा मारली तर थोडं आलं. ते प्लग बघायला लागले. मी मागे जाऊन काठीनं पेट्रोल मोजावं म्हणून झाकण फिरवलं.

टाकीनं श्वास घेतला. स्स्स करून लांब, खोल, आत ओढलेला श्वास. माझ्या हाताला झाकण चिकटल्यासारखं झालं आणि मग सुटलं.

मिस्त्री तिथूनच म्हणाले, “गावलं.”

जुन्या झाकणाला बारीक भोक असतं. आम्ही बसवलेलं झाकण नवं, दुसऱ्या गाडीचं, बिनभोकाचं. त्यासाठी वेगळी हवेची नळी काढली होती, पण पट्टा आवळताना ती त्याच्याखाली चिमटली गेली होती. पेट्रोल बाहेर जात होतं आणि त्याच्या जागी हवा आत येत नव्हती. पंप ओढून ओढून थकला. रस्त्याच्या कडेला पट्टा सैल केला, नळी सोडवली, टाकीच्या माथ्यावरून एक वळसा देऊन खाली चेसीच्या बाहेर काढली. वळसा यासाठी की चढावर किंवा टाकी पूर्ण भरलेली असताना पेट्रोल त्या नळीतून सांडू नये.

मामाला आयुष्यभर हा त्रास झाला नाही, कारण त्याच्या कॅनच्या झाकणातलं भोक नळीपेक्षा मोठं होतं. हवा आत जात होती आणि वाफ बाहेर, आमच्या अंगावर येत होती. त्यानं हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. त्याला कुणी चाचा भेटले नाहीत, एवढंच.

कागदोपत्री या गाडीला ‘विंटेज’चा मान मिळणार नाही. २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे, पण गाडी मूळ रूपात हवी. बॉडी, चेसी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. मामानं छत उडवलं तेव्हाच तो दरवाजा बंद झाला. मला त्याचं वाईट वाटत नाही. दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायची, ती मी घेईन.

वाघबिळाचा चढ दुसऱ्या गिअरवर चढलो. वर पन्हाळ्याला तीन दरवाजाजवळ गाडी सावलीत लावली, इंजिन बंद केलं आणि लगेच मागे गेले. झाकणावर हात ठेवला, कान जवळ नेला आणि सावकाश फिरवलं.

आवाज आला नाही. काठी आत सोडली. वीस लिटर भरून निघालो होतो. ओल अठराव्या खाचेच्या किंचित वर लागली होती.